गणिताला रविवार

१४ जून, सकाळ

ताईस,

नमस्कार. पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा हेच सांगते की बाबा बरे आहेत. रक्तदाब ताब्यात आहे, भूक चांगली लागते, आणि गेल्या आठवड्यात काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. मीही बरी आहे. तुमचं दोघांचं ठीक चाललं असेल, आणि तुझा गुडघा आता कुरकुरत नसेल.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलायला लागलीस की मी ऐकायला लागते. लहानपणापासूनची खोड आहे ती. कागदावर निदान मला मध्येच कुणी थांबवणार नाही.

दवाखान्यात गर्दी आहे. परवा एक आजोबा गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासायला आले. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ त्यांनी घडाघडा म्हणून दाखवली. डॉक्टरांना शंका आली. त्यांनी मला तक्ता बदलायला सांगितला, तर आजोबांनी नव्या तक्त्यावरही तीच जुनी ओळ म्हटली. डॉक्टर हसू दाबत बाहेर निघून गेले आणि समजूत घालायचं काम नेहमीसारखं माझ्या गळ्यात पडलं. आजोबा म्हणाले, "नातीने पाठ करून घेतलं हो, चांगली मेहनत केली आम्ही." मी म्हटलं, "आजोबा, पाठांतर उत्तम आहे. पण समोरून ट्रक येईल तो काही तक्त्यातून येणार नाही." ते रुसून गेले. जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझे डोळे चांगले आहेत म्हणून तुला हे सुचतं."

न्हाणीघरात बाबांना धरायला दांडी बसवून घेतली. मागच्या खोलीतली ओल या वर्षी वाढली नाही. शेजारच्या काकू अजून रोज दुपारी बाबांजवळ बसतात आणि मी आले की दिवसभराचा हिशेब देतात, काय खाल्लं, किती चालले, कुणावर चिडले.

सांगण्यासारखं इतकंच होतं. म्हणजे इतकंच नव्हतं, पण हे सोपं होतं.

परीक्षेचा निकाल लागला हे तुला माहीत आहे. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. "कळलं की सांगते" असं तुला लिहून पाठवलं तेव्हा निकाल माझ्या समोर उघडा होता. त्याकडे येते. पण आधी मला मागच्या दोन वर्षांबद्दल बोलायचं आहे, आणि तू ते शेवटपर्यंत वाचावंस असं मला वाटतं. अर्ध्यात ठेवून मला फोन लावू नकोस.

दोन वर्षांपूर्वी बाबांना झटका येऊन काही महिने झाले होते. उजवा हात लुळा होता आणि बोलणं पार गेलेलं. सगळं समजायचं त्यांना, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. निघालाच तर भलता. खिडकी उघड म्हणायचं असेल तर "चमचा" म्हणायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे. त्याच दिवसांत डॉक्टरांनी माझ्या डोक्यात ते घातलं. म्हणाले, "मी नुसते डोळे बघतो, दवाखाना तू चालवतेस. रुग्णालय व्यवस्थापन शिकून ये, उद्या मोठं हॉस्पिटल चालवशील." मी सगळ्यात आधी तुला सांगितलं. दुसरं कुणाला सांगणार होते? तू हीच प्रवेशपरीक्षा देऊन या घरातून बाहेर पडलीस, नोकरीला लागलीस, मोठी झालीस. तू आणि भाऊजी तेव्हा आठवडाभर इथे राहायला आला होतात. तू मला जवळ घेतलंस आणि म्हणालीस, "द्यायचीच. अभ्यासाचं माझ्यावर सोड."

मी सोडलं.

जाताना तू वेळापत्रक करून दिलंस. भाषा, गणित आणि तर्क, तीन विभाग. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी भाषा. शनिवारी तर्क. गणिताला रविवार, तोही दुपारचा एक तास, बाबांना झोप लागली तर. मला वाटलं तुझ्या हातून उलटं लिहिलं गेलं. आपलं बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस.

"ताई, भाषा मला येते गं. कच्ची मी गणितात आहे. वेळ तिकडे नको का जायला?"

"इथेच सगळे चुकतात. बाबांचं सगळं करून तुला वेळ मिळणार तो किती? जे येतं त्याला धार लाव, एकूण गुण त्यानेच चढतात. गणितात वर्षभर डोकं आपटलंस तरी चार गुण जास्त मिळतील."

"पण प्रत्येक विभागात किमान गुण लागतात म्हणतात ना?"

"आमच्या वेळी होतं ते. आता काढून टाकलं. मी माहितीपुस्तिका वाचली आहे, तू त्यात वेळ घालवू नकोस."

पुस्तिका मी स्वतः का वाचली नाही? डॉक्टरांनी विचारलं, काकूंनी विचारलं, मी मला कितीतरी वेळा विचारलं. उत्तर एकच येतं. तू वाचली होतीस.

वर्षभर मी ते वेळापत्रक पाळलं. संध्याकाळी बाबांच्या हाताचा व्यायाम झाला की भाषेचं पुस्तक घेऊन त्यांच्या पलंगाशेजारी बसायचे. भाषेचे सराव-पेपर मला गोड लागायला लागले होते, खरं सांगते. येणाऱ्या गोष्टीचा अभ्यास करण्यासारखं सुख नाही. रविवारी गणित काढलं की मी आधी पेन्सिलीलाच टोक करत बसायचे, आणि तासाभरात बाबा जागे झाले की सुटल्यासारखं व्हायचं. तुला हे माहीत होतं. तू मला ओळखतेस. म्हणून तर तुझं वेळापत्रक माझ्या अंगाला इतकं नीट बसलं.

मागच्या वर्षी निकाल आला. भाषेत जवळपास पैकीच्या पैकी. एकूण गुण निवड झालेल्या कितीतरी जणांपेक्षा वर. गणितात किमान गुणांपेक्षा थोडेसेच कमी. नावापुढे 'अपात्र'.

मी तुला फोन केला आणि तू रडायला लागलीस. "माझं चुकलं, नियम बदलला असेल, माझ्या लक्षात आलं नाही," असं म्हणत राहिलीस. आणि मी, ताई, मी तुझी समजूत घालत होते. "अगं, तू तरी कुठे कुठे बघणार," म्हणाले. फोन ठेवल्यावर काकूंना सांगितलं, ताईला फार लागलंय, आता तिच्यासमोर हा विषय काढायला नको.

काकू आल्या. बाबांना फिरवून आणते आणि दुपारी पुढचं लिहिते.

दुपार

बाबा झोपलेत.

आमच्याकडे बाबांना बोलायला शिकवायला एक बाई येतात, मी तुला सांगितलं होतं. आम्ही त्यांना शब्दबाई म्हणतो. त्यांच्याकडे चित्रांची कार्डं आहेत, बाबांसमोर एकेक धरायचं आणि त्यांनी नाव सांगायचं. पहिले कितीतरी महिने काही नाही. मग एक दिवस "नको" आला. मग आठवडाभर सगळ्याला "नको"च. मग "पाणी", "दार", "बास". हे सगळं मी तुला उत्साहाने सांगायचे आणि तू म्हणायचीस, "छान छान." दोन शब्द जोडायला लागले हेही सांगितलं होतं. तेव्हा तू एकदम गप्प झालीस. मला वाटलं तुझा गळा दाटून आला.

निकालानंतर तू लगेच नवं वेळापत्रक पाठवलंस. "या वेळी गणिताला शनिवारही देऊ," असं म्हणून. भाषा होती तशीच, पाचही दिवस. मी रविवारी सकाळी बाबांच्या खोलीत टेबल ओढून ते उतरवून घेत होते आणि त्यांना वाचून दाखवत होते. त्यांनी डावा हात पुढे केला आणि भाषेचं पुस्तक ढकललं. ते खाली पडलं. मी उचलून ठेवलं. त्यांनी परत ढकललं.

"हे... नाही," म्हणाले. मग गणिताच्या पुस्तकावर बोट ठेवलं. "ते."

"हो बाबा, तेही करणार आहे. ताईने शनिवार दिलाय."

"ताई... नको."

मला वाटलं त्यांचे शब्द परत घसरले. मी म्हटलं, "ताई येणार नाहीये बाबा, तिने फक्त पाठवलंय." त्यांनी मांडीवर जोरात हात मारला. मी पाणी द्यायला उठले तर माझा दुपट्टा धरून खाली बसवलं.

पुढचं अर्धवट तुकड्यांत आलं. तुकडे जोडायला मला पूर्ण सकाळ लागली. मी चुकीचं जोडलं की ते "नको" म्हणायचे, बरोबर जोडलं की डोळे मिटायचे. तुम्ही आठवडाभर आला होतात तेव्हा तू आणि भाऊजी त्यांच्याच खोलीत बोलत बसला होतात. मी दवाखान्यात होते. तू दार लावून घेतलंस. म्हणालीस, गणिताला वेळ दिला तर ती नक्की निघेल, आणि ती गेली की बाबांना मला न्यावं लागेल. एक-दोन वर्षं जाऊ देत, मग तिचीच हौस फिटेल. भाऊजी म्हणाले, हे बरोबर नाही. तू म्हणालीस, तिचं इथे काय वाईट चाललंय?

मी बाबांना विचारलं, "तुमच्यासमोर बोलली?"

ते म्हणाले, "मी... भिंत."

एवढं बोलून रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. वर्षभर, ताई. वर्षभर मी त्यांच्या शेजारी बसून रोज संध्याकाळी तेच भाषेचं पुस्तक उघडत होते आणि ते बघत होते, आणि त्यांच्याकडे ते सांगायला एक शब्द नव्हता. संध्याकाळी त्यांची चिडचिड वाढायची ती यामुळे. मी मात्र बाबांच्या डॉक्टरांना सांगून त्यांचं झोपेचं औषध बदलून घेतलं.

तरी माझा विश्वास बसला नाही. मी स्वतःला म्हटलं, आजारी माणूस आहे, काहीतरी स्वप्न पडलं असेल. म्हणून मी भाऊजींना त्यांच्या ऑफिसात फोन केला. इकडचं तिकडचं काही बोलले नाही, सरळ विचारलं.

ते म्हणाले, "हे तू मला विचारू नकोस."

मी म्हटलं, "बरं."

"मी तिला सांगितलं होतं," ते म्हणाले. "पण मी तुलाही सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. त्यांच्यावर माझा फार राग नाही. माझे केस ते विंचरत नव्हते. मला शाळेत सोडायला ते येत नव्हते. त्यांच्या पुस्तिका वाचण्यावर मी माझं वर्ष टाकलं नव्हतं.

त्यानंतर मी काय केलं ते तुला आता कळू दे. मी तुला काही बोलले नाही. तू फोन करायचीस, "भाषा कशी चाललीय," विचारायचीस, मी म्हणायचे, "मस्त." "शनिवारी गणित होतंय ना?" "होतंय ताई." आणि मी सकाळी, डोकं ताजं असताना, रोज गणित करत होते. नावडतं आधी. तर्क एक दिवसाआड. भाषेला आठवड्यातल्या दोनच संध्याकाळी, तेवढ्यात ती टिकते. बाबा खुर्ची ओढून समोर बसायचे. भाषेची वेळ संपली आणि मी लाडात येऊन अजून एक उतारा काढला की डाव्या हाताने पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, "बास." गणित चुकलं की त्यांना काही करता यायचं नाही, पण उठूनही जायचे नाहीत. मला वाटतं आयुष्यात मला कुणी इतक्या चिकाटीने शिकवलं नाही.

तुझ्याशी खोटं बोलणं मला सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. गेलं. त्याचंही मला वाईट वाटतं, आणि त्याचाही दोष मी तुलाच देते.

आता ज्या गोष्टीला मी सकाळपासून वळसा घालतेय ती लिहिते.

आईचं सगळं तू केलंस. मी तेव्हा इतकी लहान होते की मला तिच्या खोलीत जाऊ द्यायचे नाहीत. तू कॉलेजला जायच्या वयात तिला उचलून बसवत होतीस, तिची अंथरुणं धूत होतीस, आणि बाहेर येऊन माझा अभ्यास घेत होतीस. ती गेल्यावर तू ही परीक्षा दिलीस ती घरातून सुटायला दिलीस, हे मला बरंच उशिरा समजलं, पण समजलं. बाबांचा झटका कळल्यावर तू आलीस तेव्हा त्यांच्या खोलीच्या दारापाशी तुझे पाय थांबले होते. मी बघितलं होतं. औषधाचा तो वास आला की तुझा चेहरा उतरतो, तेही बघितलं होतं. म्हणून तर मी तुला कधी "तू येऊन राहा" म्हटलं नाही. म्हणून झटक्यानंतर तुझ्या वाटणीचं काही मागितलं नाही. मी मनाशी ठरवलं होतं की ताईची पाळी होऊन गेली आहे, ही माझी.

तू मला विचारलं असतंस तर मी थांबले असते, ताई. चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, पण थांबले असते. "मला पुन्हा जमणार नाही गं," एवढंच म्हणायचं होतं. तू ते म्हणाली नाहीस. तू माझ्या अभ्यासातून गणित काढून घेतलंस, आणि मी नापास झाले ती माझ्या बुद्धीने झाले असं मला वाटू दिलंस. मी आरशात बघून स्वतःला 'ढ' म्हणत होते. तू फोनवर माझ्याबरोबर रडलीस. ते रडणं खरं होतं का, हे मला समजत नाही. मला वाटतं खरं होतं. त्याचाच मला जास्त त्रास होतो.

तर निकाल. तिन्ही विभागांत किमान गुणांच्या वर आहे. भाषेत मागच्या वर्षीपेक्षा कमी मिळाले. गणितात पहिली आले नाही, पण पुरेसे आहेत. निवड झाली, प्रवेश घेतला, वसतिगृहात खोली मिळाली. पुढच्या महिन्यात जाते. डॉक्टरांनी सगळ्या दवाखान्यात सांगितलं आणि मग माझ्या जागी कोण येणार म्हणून तोंड पाडून बसले.

बाबांसाठी मी इथे दिवसरात्र राहणारी बाई बघत होते, सापडलीही होती. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "ताईकडे."

मी म्हटलं, "बाबा, एवढं सगळं होऊन?"

"घाबरते," म्हणाले.

"कोण?"

"ताई. आईचं... बघितलं... तिने." मग किती वेळ शब्द शोधत होते. मी थांबले. "मला... बघू दे. मी... बरा... होतो."

'तिला मला बघू दे, मी बरा होतोय' म्हणायचं होतं त्यांना. त्यांनी तुला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. ते तुमचं दोघांचं आहे. माझं वेगळं आहे.

भाऊजींशी माझं बोलणं झालं आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबांना न्यायला गाडी घेऊन येतो म्हणाले. तुला आधी सांगू नका, मी लिहिते, असं मीच त्यांना सांगितलं. तुझ्या घराचं तुला न विचारता ठरवलं आहे. कसं वाटतं ते आता कळेल. हे वाक्य मी खोडणार होते, पण राहू दे.

औषधं डब्यात वारांप्रमाणे लावून देते. पाणी घोट घोट द्यायचं, घाई केली की ठसका लागतो. सकाळी हाताचा व्यायाम चुकवायचा नाही, ते कंटाळ्याचं सोंग करतात. शब्दबाईंनी तुमच्या भागातल्या एका बाईंचा पत्ता दिला आहे. बोलताना अडकले तर त्यांचं वाक्य तू पूर्ण करू नकोस. तुला सवय आहे तशी. थांबायचं. शब्द येतो. आणि त्यांना न्हाऊ घालताना तुझ्या पोटात कालवलं तर बाहेर जाऊन ये, भाऊजींना हाक मार. मीही पहिले काही दिवस रडत रडतच केलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

मला फोन कर तो बाबांबद्दल बोलायला कर. बाबांनी आज काय म्हटलं, कुठवर चालले, ते सांग, मी ऐकेन. माफी मागायला इतक्यात करू नकोस. मी "जाऊ दे गं" म्हणेन, मला ते पटकन म्हणता येतं, आणि या वेळी मला ते म्हणायचं नाहीये.

भाऊजींना नमस्कार. प्रकृतीला जप, पुढे तुला ती लागणार आहे.

तुझी बहीण, त्यात मला काही बदल करता येत नाही